अंगठा आला, छापून टाकलं. आता चूक कोणाची?

शाईवाला_इंदूर (मंगळवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. राजवाड्याच्या मागच्या अंगाला आमचं छोटं छपाईचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, स्मरणिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, येईल ते काम घेतो. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं हिंदी. परवा एक काम असं अंगाशी आलंय की डोक्यातून जात नाही.

एका घरी आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. ४०० पत्रिका, रंग डाळिंबी, वर गणपती आणि आजोबांचं नाव सोनेरी फॉइलमध्ये. मजकूर सूनबाईंनी पाठवला, अगदी स्वच्छ. आमच्या ऑपरेटरने डिझाइन लावलं. मी रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, ‘बघून सांगा.’ दहा मिनिटांत अंगठा आला. सकाळी काम मशीनवर.

काल खोके उघडले. काकू म्हणाल्या, “अहो, हा डाळिंबी? हा तर राणी कलर झाला!” मी म्हटलं, तुमच्याकडून ओके आलं होतं. सूनबाई म्हणाल्या, “अंगठा म्हणजे मिळालं असं. सासूबाईंना दाखवून मग सांगणार होते.” त्या खोटं बोलत नव्हत्या, चेहऱ्यावर दिसत होतं. दुकानात येऊन ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणे, “भिया, अनार का दाना तो ऐसा ही होता है.” तोही खोटं बोलत नाही. डाळिंबाचा दाणा गुलाबीच असतो. पण आपल्या आयांच्या कपाटातली डाळिंबी साडी म्हणजे तो रंग नव्हे, हे त्याला कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं, आणि मी त्या दिवशी उज्जैनला होतो.

कार्यक्रमाला बारा दिवस आहेत. परत छापायचं तर फॉइलचा ब्लॉक तेवढा वाचेल, बाकी कागद, छपाई, मजुरी सगळं नव्याने. पैशाचं बघू. मला विचारायचंय ते हे की काम घेतल्यापासून हातात देईपर्यंत तुम्ही लोक गिऱ्हाइकाशी काय, कधी आणि कसं बोलता? की मीच एकटा असा वेंधळा?

जुना_जुळारी (मंगळवार, रात्री १०.५५)

आमच्या काळीही अंगठा चालायचा बाबा, पण शाईचा.

खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांच्या, छापखान्यात तीस वर्षं काढली. मजकूर जुळवून गॅलीत घ्यायचा, दोरीने आवळायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा आणि ओलसर कागद दाबून प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, उठवायची. गिऱ्हाईक बाकावर बसून पेन्सिलीने वाचायचं. नंतर खाली स्वतःच्या हाताने दोनपैकी एक वाक्य लिहायचं. ‘दुरुस्त्या करून छापावे’ नाहीतर ‘दुरुस्त्या करून दुसरे प्रूफ दाखवावे’. सही आणि तारीख. पहिल्या वाक्यात दुरुस्ती नीट झाली की नाही ही जबाबदारी आमची, दुसऱ्यात परत एकदा त्यांची. मालक ते कागद काम संपेपर्यंत खिळ्याला टोचून ठेवायचे.

तुझ्या त्या अंगठ्यात ही दोन्ही वाक्यं बसतात आणि ‘पोचलं’ हे तिसरंही बसतं. तू तुला सोयीचं वाचलंस.

लोकमान्यनगरची_मावशी (मंगळवार, रात्री ११.३०)

मी छपाईवाली नाही, गिऱ्हाईक आहे. तेव्हा जरा आमच्या बाजूनेही ऐका.

तुमच्या दुकानात आलं की तुम्ही लोक विचारता, “तीनशे जीएसएम करू? मॅट की ग्लॉस? क्रीज टाकू?” आम्ही मान हलवतो, कारण मागे दोघं उभे असतात आणि अडाणी दिसायचं नसतं. मुलीच्या लग्नाच्या वेळी मला विचारलं, पाकिटाला ग्लॉस लॅमिनेशन करायचं का, चकाकी येईल. म्हटलं करा. २५० पाकिटं आली, आरशासारखी. रात्री सगळी मंडळी नावं घालायला बसली तर पेन चालेना! बॉलपेन घसरतंय, शाईचं पेन पुसलं जातंय, ह्यांचा सदरा निळा झाला. शेवटी पांढरे चिकटकागद आणले, त्यावर नावं लिहिली आणि ते त्या देखण्या पाकिटांवर डकवले. एवढा खर्च करून वाण्याच्या बरणीसारखं दिसत होतं.

दुकानदाराने काही फसवलं नव्हतं. पण एकदा विचारलं असतं की ‘मावशी, यावर नावं हाताने लिहिणार का?’ तर काम झालं असतं. मला कागदाच्या जाडीचे जीएसएम सांगू नका. दोन कागद हातात द्या, मी बोटांनी सांगते कुठला.

सियागंजी (बुधवार, सकाळी ८.१०)

सगळं पटलं, पण धंदा असा चालत नाही. पत्रिका घ्यायला आलेल्या माणसासमोर तुम्ही फॉर्म ठेवलात, इथे सही, तिथे सही, की तो म्हणणार, हा काय बँकेतलं कर्ज देतोय का? इंदुरात काम तोंडावर चालतं. लिहून मागितलं की माणसाला वाटतं याचा आपल्यावर भरवसा नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं बाबांच्या ओळखीची आहेत. त्यांच्याकडून सही घेऊ? आई घरात घेणार नाही.

आणि प्रत्येकाला छापील प्रूफ दाखवायचं तर खर्च कोण देणार? २०० कार्डांच्या कामात सुटतं किती ते तुम्हालाही माहीत आहे.

रंगारी_बडोदे (बुधवार, सकाळी ९.४५)

डिझाइनचं काम करतो, बडोद्यात. शाईवाले, मला एक शंका आहे. सूनबाईंना एवढं विचारा की रात्री त्यांच्या फोनचा पडदा पिवळसर होतो का. डोळ्यांना त्रास नको म्हणून बरेच जण ती सोय लावून ठेवतात, ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होते. ती काय करते, तर पडद्यातून येणारा निळा उजेड कमी करते. आता राणी रंग पडद्यावर बनतो लाल आणि निळा उजेड मिळून. निळा काढून घेतला की उरतो लाल. म्हणजे तुम्ही पाठवला राणी आणि रात्री पावणेदहाला त्यांना दिसला असेल जवळजवळ डाळिंबी!

खरं असेल तर तिघंही खरे.

आता छपाईकडे या. फोनची काच स्वतः उजेड फेकते, कागद बाहेरचा उजेड परत देतो. पडद्यावर लाल, हिरवा, निळा यांचा खेळ, मशीनवर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. डाळिंबी हवा असेल तर मॅजेंटा पूर्ण, पिवळा बराचसा आणि काळ्याची छटा. त्यातला पिवळा आणि काळा कमी करत जा, रंग सरळ राणीकडे सरकतो. तुमच्या ऑपरेटरचं तेच झालं असणार. वर मॅट लॅमिनेशन केलं तर रंग आणखी थोडा मवाळ होतो, आणि मॅपलिथोसारखा साधा कागद असेल तर शाई आत पितो, मग भडक काही राहतच नाही. सोनेरी फॉइलचं तर पडद्यावर काहीच कळत नाही. तिथे दिसतो मोहरीसारखा पिवळा. माणूस घाबरून फोन करतो, “हे असंच येणार का?”

सियागंजी, खर्चाचं म्हणाल तर डिजिटलचं काम असेल तिथे त्याच मशीनवर, त्याच कागदावर एक प्रत काढायला कितीसं लागतं? एका चहा-पोह्याचे पैसे. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईला, मात्र तसं नाही. प्लेट लावून एकच प्रत काढणं परवडत नाही आणि डिजिटलची प्रत दाखवली तर ऑफसेट तंतोतंत तशी उतरत नाही. तिथे हे आधीच तोंडाने सांगायचं. उन्नीस-बीस फरक पडेल म्हणजे किती, ते जुन्या कामाचे दोन नमुने शेजारी ठेवून दाखवायचं.

शाईवाला_इंदूर (बुधवार, दुपारी १.०५)

रंगारीभाऊ, साष्टांग नमस्कार! आत्ता फोन केला होता. सूनबाईंचा फोन रात्री नऊला पिवळा होतो. काकूंनी खोके उघडले ते दुपारी, अंगणात.

मी दुकानात तेच चित्र माझ्या फोनवर ती सोय लावून बघितलं. डाळिंबीच की हो. ऑपरेटरला बोलावून दाखवलं, तो पाच मिनिटं नुसता चालू-बंद करत बसला होता.

मंडळाचा_खजिनदार (बुधवार, दुपारी ३.४०)

आमच्या गणेशोत्सव मंडळाचं छपाईचं काम अकरा वर्षं मी बघतोय. रंगाबिंगाचं आमच्याकडे कौतुक नाही, आमचं घोडं शब्दावर अडतं.

एका वर्षी ‘देणगीची २० पावतीपुस्तकं’ सांगितली. माझ्या डोक्यात एका पुस्तकात १०० पावत्या. छापखान्याच्या हिशेबाने पुस्तक म्हणजे ५० पावत्या आणि ५० कार्बनच्या प्रती, मिळून १०० पानं. दोघंही ‘शंभराचं पुस्तक’ म्हणत होतो आणि दोघांनाही वाटलं समोरच्याला कळलं. २००० पावत्यांच्या जागी १००० आल्या, तेही वर्गणी सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी. वर नंबर पुन्हा १ पासून. मागच्या वर्षीचे १ नंबरचे अर्धे पुस्तक कपाटात शिल्लक! हिशेब तपासनीस काका माझ्याकडे असे बघत होते, जणू वर्गणी मीच खाल्ली.

तेव्हापासून मी ‘पुस्तक’ हा शब्दच वापरत नाही. पावत्या किती, पहिला नंबर कुठला, शेवटचा कुठला, एवढंच सांगतो. आणि जुनं पुस्तक बरोबर नेतो.

दुसरं म्हणजे आमची समिती सात जणांची. अध्यक्ष सकाळी फोन करून म्हणणार फोटो मोठा करा, सचिव दुपारी म्हणणार काढूनच टाका, आणि छापखानेवाला बिचारा दोघांना हो म्हणणार. दोन वर्षांपूर्वी त्यानेच आम्हाला झापलं. म्हणाला, “दुरुस्ती एकच माणूस सांगेल, बाकीच्यांनी त्याच्याशी भांडा.” तो माणूस मी. घरी भांडणं वाढली, पण अहवालाचे कागद एकदाही परत गेले नाहीत. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीच्या, आधीचे आठ दिवस छापखान्यात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा हे फार उपयोगी पडतं. हो, आणि ‘तीन दिवसांत देतो’ म्हणजे आज काम टाकल्यापासून तीन की प्रूफ पास झाल्यापासून, हेही त्याने तेव्हाच सांगून टाकलं.

टंक_आणि_मात्रा (बुधवार, रात्री ९.१५)

डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर बसवायचं काम करते, जेल रोडला बारा वर्षं. रंगावर एवढी चर्चा झाली, मजकुराचं कोणी बोललंच नाही. शाईवाल्यांनी लिहिलंय, मजकूर अगदी स्वच्छ आला. इथेच गाफील राहतो माणूस.

गिऱ्हाईक फोनवर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनच्या नेहमीच्या मराठी अक्षरांत, लिहून पाठवतं. आपल्या बऱ्याच दुकानांत अजून जुने फॉन्ट आहेत, मग मजकूर कन्व्हर्टरमधून फिरवावा लागतो. त्यात नेमकी आपली मराठी अक्षरं फुटतात. ‘दुसऱ्या’मधला तो आडवा अर्धा र जातो आणि तिथे रफार येतो. ‘आमंत्रण’ शाबूत राहतं, ‘सुनेच्या बहिणीच्या सासऱ्यांचे’ मार खातं. फुटलेलं अक्षर हिंदीभाषी ऑपरेटर हाताने दुरुस्त करतो, तेव्हा त्याच्या हाताच्या सवयीने ळ चा ल होतो. केळवणाचं केलवण, डोहाळजेवणाचं डोहालजेवण. एका पत्रिकेत ‘आपले विनीत, मुळे परिवार’ याचं ‘मुले परिवार’ झालेलं मी मशीनवर जाता जाता पकडलंय. अर्थाला तसं काही चुकत नव्हतं म्हणा.

आणि ल, श ची वळणं. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असतो आपल्या लोकांना. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, पण फॉन्टवाल्यांपर्यंत तो सगळीकडे पोचला असं वाटत नाही. हिंदी वळणाचा फॉन्ट लागला की आजोबा पत्रिका हातात घेऊन म्हणतात, “काहीतरी वेगळं दिसतंय,” आणि काय वेगळं ते त्यांना सांगता येत नाही. मी विचारते, “काका, ल बघा, असा हवा की तसा?” चेहरा खुलतो.

तर मी गिऱ्हाइकाला काय सांगते? “तुमचा मजकूर बरोबरच होता. पण आमच्याकडे तो नव्याने बसवला गेलाय, म्हणून परत पहिल्यापासून वाचा. नावं उलटीकडून वाचा, शेवटच्या ओळीपासून वर.” हे सांगितलं नाही तर ते वाचतच नाहीत, कारण त्यांच्या मते ते त्यांनीच लिहिलेलं असतं. आणि त्यांनी पास केल्यावर मी अक्षरांचं कर्व्ह करते, म्हणजे अक्षरं चित्रासारखी पक्की करते, त्यानंतर एक काना हलवायचा तरी त्रास आहे, हेही आधी सांगते. मग ‘फायनल’ शब्दाला थोडं वजन येतं.

जुना_जुळारी (बुधवार, रात्री १०.३०)

टंकताई, जियो.

सियागंजी, तुझं दुखणं मला कळतं. सही मागायला जीभ रेटत नाही, खरं आहे. पण भरवशाच्या माणसालाही वाचून तर दाखवता येतं? आमचे मालक काम घेतल्यावर चहा सांगायचे आणि चहा येईपर्यंत कागद घेऊन सगळं मोठ्याने वाचायचे. “तर मग काका, अमुक तारीख, अमुक वार, सायंकाळी सहा, जेवण साडेसात, प्रती तीनशे, कागद हा, बरोबर?” कोणाला अपमान वाटला नाही. उलट काका खूश, आपल्या कामाकडे लक्ष आहे म्हणून.

तारीख आणि वार तर कानानेच सापडतात. गेल्या वर्षी अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचं एक पत्रक माझ्या भाच्याकडे आलं होतं, कार्यक्रम जयंतीलाच. मजकुरात लिहिलेलं, रविवार, ३१ मे २०२५. चार जणांनी डोळ्यांनी वाचून पास केलं होतं. मी कोपऱ्यात बसलो होतो, भाच्याला म्हटलं मोठ्याने वाच. ‘रविवार’ म्हणताच एक पोरगा म्हणाला, रविवारी तर माझी परीक्षा आहे, कार्यक्रम शनिवारी आहे ना? कॅलेंडर काढलं. शनिवारच होता.

सियागंजी (गुरुवार, सकाळी ८.३०)

वाचून दाखवणं जमेल. चहा मीच पाजतो तसाही.

एक कबूल करतो. माझी खोड वेगळी आहे. कागद आला नाही, मशीन बिघडली, तर मी फोनच उचलत नाही. वाटतं, संध्याकाळपर्यंत होईल, मग कशाला सांगा. संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं. शिव्या उशिराच्या नसतात, फोन न उचलल्याच्या असतात. हे लिहिताना लाज वाटतेय, पण कोणी इथे मला ओळखत नाही हे बरं आहे.

मंडळाचा_खजिनदार (गुरुवार, सकाळी ८.५०)

मी ओळखलं.

शाईवाला_इंदूर (शनिवार, रात्री ९.००)

काय झालं ते सांगतो.

गुरुवारी काकूंच्या घरी गेलो. दोन फोन बरोबर नेले, एक पिवळा, एक साधा, आणि तेच चित्र दोन्हींवर उघडून टीपॉयवर ठेवलं. आजोबा सगळ्यांत आधी हसले. मग सूनबाई हसल्या, मग काकू, पण काकू उशिरा. मी म्हटलं, ‘बघून सांगा’ एवढंच लिहिणं ही माझी चूक, रंगाचा नमुना हातात न देणं हीही माझीच. कागदाचा खर्च त्यांचा, बाकी सगळा माझा, असं ठरलं. हे त्यांनीच सुचवलं, मी पूर्ण माझ्यावर घ्यायला गेलो होतो.

मग विचारलं, डाळिंबी म्हणजे कुठला ते दाखवा. काकूंनी कपाटातून शालू काढला. मी त्याचा पदर दुकानात मागू शकत नव्हतो, म्हणून त्या ब्लाउजचं उरलेलं कापड मिळालं, चार बोटं रुंद. ऑपरेटरने ते कापड शेजारी ठेवून रंग लावला. तीन प्रती काढल्या, एकात काळा जास्त, एकात कमी, एक मधला. तिन्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर उन्हात ठेवल्या. दुकानातल्या ट्यूबखाली सगळे सारखेच वाटत होते. काकूंनी मधला उचलला आणि मी न सांगता मागे लिहिलं, ‘हाच रंग. छापा.’ खाली सही. जुळारीकाका, तो कागद मी खिळ्याला टोचलाय.

आता व्हॉट्सॲपवर चित्राबरोबर हे जातं, बघा कसं वाटतं:

‘हे प्रूफ फक्त मजकूर वाचायला आहे. रंग यावरून ठरवू नका, तो दुकानात कागदावर दाखवीन. नावं, तारीख, वार, वेळ आणि पत्ता मोठ्याने वाचा. घरात ज्यांनी बघायचं त्यांनी बघून झालं की एकाच जणाने “छापा” एवढा शब्द लिहून पाठवा. तो आला की तिथून चार दिवसांत काम देतो. तोवर मशीनवर जाणार नाही.’

काल पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाला पाठवलं. उत्तर आलं अंगठा. मी फोन लावला.

टंक_आणि_मात्रा (शनिवार, रात्री ९.२०)

छान आहे. फक्त ‘वार’नंतर तिथीही घाला, मराठी पत्रिकेत तिथी असतेच आणि तीच सर्वांत जास्त चुकते.

लोकमान्यनगरची_मावशी (शनिवार, रात्री ९.५०)

नातवाची मुंज आहे. १५० पत्रिका हव्यात, चिंतामणी रंगात, आणि पाकिटावर नावं हाताने लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते. चिंतामणी तुमच्या ऑपरेटरला कळेल का? माझ्याकडे खण आहे त्या रंगाचा, तो घेऊन उद्या येते. दुकान रविवारी उघडं असतं का, आणि ओट्यावर ऊन किती वाजेपर्यंत असतं?

शाईवाला_इंदूर (शनिवार, रात्री ९.५८)

उघडं आहे मावशी. बारापर्यंत असतं, मग समोरच्या इमारतीची सावली येते. साडेअकराच्या आत या.